स्केलिग मायकल: झोपड्या बघायला गेलो आणि गडगा बघून आलो

स्केलिग मायकलला जाऊन आलो असं सांगितलं की इथे डब्लिनमधली आपली मंडळी दोनच प्रश्न विचारतात, पफिन पक्षी दिसले का, आणि ती स्टार वॉर्सवाली जागा बघितलीस का. दोन्हीचं उत्तर हो. पण मग मी तिथल्या भिंतींबद्दल बोलायला लागलो की हळूच कुणीतरी चहा टाकायला उठतं. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

आधी जागा कुठे आहे ते. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी काउंटी, तिथून आयव्हरा नावाचं द्वीपकल्प अटलांटिकमध्ये घुसलंय, आणि त्याच्याही पुढे साधारण १२ किलोमीटरवर समुद्रातून दोन सुळके वर आलेत. धाकटा तो लिटल स्केलिग, तो पूर्ण पक्ष्यांचा, गॅनेट पक्ष्यांच्या हजारो जोड्या तिथे असतात, लांबून बर्फ पडल्यासारखा पांढरा दिसतो, आणि जवळ गेलं की तो बर्फ कसला आहे ते नाकाला कळतं. मोठा तो स्केलिग मायकल. आयरिशमध्ये स्केलिग म्हणजे खड्या दगडाची कपची. नाव अगदी बरोबर ठेवलंय, कारण २२ हेक्टरचं बेट, म्हणजे ५४-५५ एकर, पण उंची २१८ मीटर, आणि सपाट म्हणावी अशी जागा शोधायला गेलात तर दोन शिखरांच्या मधली एक खिंड सोडली तर काही नाही. दोन शिखरं, त्यातल्या बुटक्या शिखराच्या कुशीत समुद्रापासून १८० मीटरवर १३००-१४०० वर्षांपूर्वी काही ख्रिस्ती साधूंनी मठ बांधला. तो मठ अजून उभा आहे. छपरासकट.

मी पहिल्या दोन वेळा पोहोचलोच नाही. पोर्टमगी गावातून बोटी सुटतात, मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच. आदल्या रात्री गाडी चालवत गेलो, सकाळी उठून बघतो तर निळंशार आकाश, वारा नाही, मी खूश, आणि बोटवाला म्हणतो आज नाही. मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने समजावलं की वारा इथे नसला तरी कुठल्यातरी लांबच्या वादळाची फुगवटी समुद्रात असते, आणि बेटावर बंदर असं काही नाही, खडकात एक घळ आहे आणि तिथे कापलेल्या पायऱ्या, बोट त्यांच्याजवळ वरखाली होत राहते आणि ती वर आली की त्या क्षणाला तुम्ही पाय टाकायचा. फुगवटी मोठी असेल तर पाय टाकायचा क्षणच येत नाही. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वेळी गेलो, तासभर पोट ढवळून निघालं, सोबतच्या एका काकूंनी पर्समधून आलेपाक काढून दिला म्हणून निभावलं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे आज डिझेलच्या बोटीने, हवामानाचं अॅप हातात घेऊन ही अवस्था, तर चामड्याच्या किंवा लाकडाच्या वल्हवायच्या होडीतून ते लोक कसे येत असतील. आणि येऊन परत जायचं नाही, राहायचं.

वर जायला दगडी पायऱ्या, दक्षिणेकडच्या वाटेने ६१८. ना कठडा ना दोरी, एका बाजूला उतार सरळ समुद्रात. खरं तर अशा तीन वाटा आहेत, पूर्वेकडून, दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून, म्हणजे ज्या दिवशी ज्या बाजूला समुद्र शांत त्या बाजूने उतरा, असा साधा हिशोब. उतरल्यावर खाली गाइड आधी दहा मिनिटं दमच भरतात, हात मोकळे ठेवा, फोटो काढायचा तर थांबून काढा, चक्कर येत असेल तर इथेच बसा. ते उगीच नाही, २००९ मध्ये दोन पर्यटक इथे वेगवेगळ्या अपघातांत पडून गेलेत. बेटावर टॉयलेट नाही, शेड नाही, पाऊस आला तर आला. आमच्यातल्या एकाने अर्ध्या वाटेवरच्या खिंडीत बसकण मारली ती आम्ही परत येईपर्यंत. त्या खिंडीला ख्रिस्ताचं खोगीर म्हणतात, आणि त्याच्या बाजूला बसायला जागा चांगली आहे, त्याला दोष नाही.

तर आता मुद्दा. हे जागतिक वारसास्थळ आहे, युनेस्कोने १९९६ मध्ये यादीत घेतलं. आयर्लंड प्रजासत्ताकातलं हे दुसरं, पहिलं ब्रू ना बोन्या हा प्राचीन समाध्यांचा परिसर, १९९३ चं. वारसा म्हटलं की आपल्या डोक्यात दोन गोष्टी येतात, जुनं आणि सुंदर. आता जुनेपण बघायचं तर ब्रू ना बोन्यातली न्यूग्रेंजची समाधी ५००० वर्षांची, तिच्यापुढे हा मठ कालचा पोरगा. सुंदर म्हणाल तर निसर्ग आहे सुंदर, पण मठात कोरीवकाम जवळजवळ शून्य. शंभराच्या वर दगडी क्रूस आणि पाट्या आहेत, पण बऱ्याचशा नुसत्या ओबडधोबड कपच्या, कडेला दोन खाचा मारल्या की झाला क्रूस. वेरूळ बघून आलेल्या माणसाला दाखवलं तर तो विचारेल हे काम अर्धवट का सोडलं.

युनेस्कोकडे एकूण दहा निकष असतात, त्यातला एक जरी लागू पडला तरी चालतं. स्केलिगला दोन लागू केलेत, तिसरा आणि चौथा. तिसरा सोप्या भाषेत असा की ही जागा एखाद्या परंपरेची अशी साक्षीदार आहे की तिच्यासारखी दुसरी साक्ष नाही. चौथा असा की एखाद्या बांधणीच्या किंवा वस्तीच्या प्रकाराचा हा अव्वल नमुना आहे, ज्यावरून माणसाच्या इतिहासातला एक टप्पा समजतो. म्हणजे बघा, दोन्हीत सुंदर हा शब्द नाही. साक्ष आणि नमुना. कोर्टात साक्षीदार देखणा असून भागत नाही, त्याने स्वतः बघितलेलं असलं पाहिजे आणि नंतर कुणी त्याला पढवलेलं नसलं पाहिजे. म्हणूनच हे बेट याच दोन गोष्टींवर भाव खाऊन जातं.

साक्ष कशाची? त्यासाठी थोडं इजिप्तमध्ये जावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या शतकात तिथे काही ख्रिस्ती लोक गावं सोडून वाळवंटात जाऊन राहायला लागले, संत अँटनी त्यातलं मोठं नाव. ही कल्पना भूमध्य समुद्राकडून युरोपभर फिरत फिरत आयर्लंडला पोचली. पण आयर्लंडमध्ये वाळवंट कुठून आणणार, इथे पावसाला खंड नाही. मग त्यांनी शब्द घेतला आणि जागा बदलली. दिसेर्त असा आयरिश शब्द आहे, लॅटिनमधल्या वाळवंटाच्या शब्दावरून आलेला, तो एकांतातल्या मठाला वापरायला लागले, आजही कितीतरी आयरिश गावांच्या नावात डायझर्ट असतं. काही दलदलीत गेले, काही तळ्यातल्या बेटावर, आणि ज्यांचं वैराग्य अगदी टोकाचं होतं ते समुद्रात.

यात अजून एक गंमत आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म तसा फार रक्तपात न होता पसरला, त्यामुळे रोममध्ये झाले तसे हुतात्मे इथे झालेच नाहीत. आणि हुतात्मा होणं ही तर सगळ्यात मोठी पायरी. मग जुन्या आयरिश लिखाणात हौतात्म्याचे रंग सापडतात, लाल म्हणजे रक्ताचं, पांढरं म्हणजे देवासाठी आपलं घर-माणसं सोडून जाण्याचं, आणि तिसरा एक निळा-हिरवा म्हणजे उपासतापास आणि कष्टांचं. (जुन्या आयरिशमध्ये निळ्या-हिरव्याला एकच शब्द, म्हणून कुणी निळं म्हणतं कुणी हिरवं.) स्केलिगवर पांढरं आणि ते तिसरं, दोन्ही एकदम मिळत होतं.

मठ नक्की कधी सुरू झाला ते सहावं ते आठवं शतक असं ढोबळ सांगतात, परंपरा संत फिओनान यांचं नाव घेते. लिखित उल्लेख म्हणाल तर आठव्या शतकाच्या शेवटाकडचा स्केलिगच्या सुव्नी नावाच्या साधूचा. आणि मग ८२४ ची नोंद, अल्स्टरच्या बखरीतली, अगदी एका ओळीची, की व्हायकिंग लोकांनी स्केलिगच्या एटगलला पकडून नेलं आणि तो भुकेने-तहानेने मेला. बहुधा हा मठाचा प्रमुख. या बेटावर चोरण्यासारखं काय होतं देव जाणे, खंडणीसाठी माणूसच उचलला असावा. आयुष्यभर स्वतःहून उपास करणाऱ्याला शेवटी दुसऱ्यांनी उपाशी मारलं.

मठात एका वेळी साधारण बारा साधू आणि एक प्रमुख असावेत असा अंदाज आहे. हे लोक हवा खाऊन जगत होते असं मात्र समजू नका. उत्खननात माशांची, पक्ष्यांची हाडं निघालीत, पाळीव जनावरांची पण. म्हणजे किनाऱ्याशी येणंजाणं होतं, कुणीतरी काहीतरी आणून देत होतं. एकांत होता पण संबंध तुटलेला नव्हता.

आता नमुना. इथे मी माझ्या लाडक्या भिंतींवर येतो, ज्यांना चहा टाकायचाय त्यांनी टाकून या.

फोटोत जे दिसतं ते म्हणजे सहा अख्ख्या दगडी कुट्या, दोन छोटी प्रार्थनाघरं, आणि नंतरच्या काळातलं एक चर्च, जे चुना वापरून बांधलं आणि नेमकं तेच पडलंय. कुट्यांना इंग्रजीत मधमाशांच्या पोळ्याची उपमा देतात, ती आपल्याला लागू होत नाही कारण आपलं पोळं फांदीला लटकतं, त्यांचं जुन्या काळचं म्हणजे उपडी टोपली. आपल्याला कळेल असं सांगायचं तर भाताची उडवी. कोकणात कापणीनंतर भाऱ्यांची उडवी रचतात ती आठवा, गोल, वर निमुळती होत गेलेली. आणि नुसता आकार सारखा नाही, आतलं तंत्रही तेच आहे. उडवी रचताना पेंढी बाहेरच्या बाजूला जराशी उतरती ठेवतात म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळून जातो, आतलं भात कोरडं राहतं. इथे पेंढीच्या जागी चपटे दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर-दोन बोटं आत सरकवायचा, पण दगडाचा कल बाहेर. आत सरकलेला दगड पडत का नाही, तर त्याचं मागचं शेपूट भिंतीच्या जाडीत दाबलेलं असतं आणि वरून पुढच्या थराचं वजन. असं सरकत सरकत वर एवढंसं भोक उरतं, ते एका शिळेने झाकायचं. हेमाडपंती देवळाच्या मंडपात मान वर करून बघितलंत तर एकावर एक आत येत गेलेली दगडी कडी दिसतात, तत्त्व तेच, फक्त तिथे घडवलेला दगड आणि इथे समुद्राने नि थंडीने फोडलेली कपची. बेटाचा दगड ३६-३७ कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म, तो थराथराने फुटतो, म्हणजे निसर्गाने आधीच फरश्या पाडून ठेवल्यासारखं.

मी एका कुटीत वाकून आत गेलो, दार इतकं बुटकं की वाकावंच लागतं. बाहेरून गोल दिसणारी खोली आतून चौकोनी आहे! जमिनीला चार सरळ कोपरे, फरसबंदी, आणि मग नजर वर नेली की साधारण डोक्याच्या उंचीनंतर ते कोपरे हळूहळू विरघळत जातात, कोपऱ्यात दगड तिरके टाकत टाकत चौकोनाचा गोल करून टाकलाय, आणि तो बदल नेमका कुठे झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी तीनदा प्रयत्न केला. भिंतीत कोनाडे आहेत, आपल्या जुन्या घरात दिव्याला असतात तसे. काही दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेत, आत आहेत ते काही टांगायला किंवा सगळ्यात मोठ्या कुटीत माळा घालायला असावेत. बाहेर वारा कानात घोंगावत होता, आत पाऊल टाकलं की कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं. चुना नाही, सिमेंट नाही, खिळा नाही. चौकोन का ठेवला असेल? मला वाटतं चौकोनी खोलीत झोपायला, सामान ठेवायला सोपं, आणि गोल घुमट उभा राहायला सोपा, गोलात प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटून धरतो म्हणून. दोन्ही सोयी पाहिजेत म्हणून खाली एक आणि वर एक.

प्रार्थनाघरं मात्र लांबट, त्यामुळे ती उपड्या होडीसारखी दिसतात. लांबट आकारात लांब भिंतींना तो गोलाचा आधार मिळत नाही, मध्यभागी त्या खाली बसायला बघतात, हे या बांधणीचं दुखणं आहे. तरी उभी आहेत.

पण, आणि हा पण मोठा आहे, हे सगळं उभं कशावर आहे? डोंगराचा उतार घराच्या जिन्यापेक्षा खडा. तिथे कुटी बांधायच्या आधी जमीन बांधावी लागली. म्हणजे उताराच्या कडेला, खाली थेट समुद्र दिसतोय अशा ठिकाणी आधारभिंती उभ्या करायच्या, त्यांच्यामागे दगडगोटे आणि माती भरत जायची, आणि मग जी गच्ची तयार होईल तिच्यावर मठ. आमच्या देवगडकडे गडगा घालतात, चिरे नाहीतर गोटे नुसते एकमेकांत बसवून, चुना न लावता, आणि गडगा घालणारा माणूस वेगळाच असतो, प्रत्येकाला जमत नाही ते. स्केलिगच्या भिंती म्हणजे तोच गडगा, पण दोन-अडीच पुरुष उंच आणि खाली अटलांटिक. चुना नसण्याचा इथे फायदाच आहे. पावसाचं पाणी मागे साचलं की आधारभिंतीला फुगवतं आणि ढकलतं, घाटात दर पावसाळ्यात संरक्षक भिंती कोसळतात त्या बऱ्याचदा याचमुळे, म्हणून त्यांना पाणी जायला पाइप सोडतात. रचीव भिंतीला पाइप लागत नाही, ती सगळीच पाइप. शिवाय भिंत सरळ उभी नाही, डोंगराकडे किंचित रेललेली आहे.

याच गच्च्यांमध्ये एक मळा आहे. उन्हाकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ, भोवती भिंत, दिवसभर तापलेला दगड. उघड्या बेटावर गवताखेरीज काही टिकत नाही पण त्या कोपऱ्यात भाजी निघू शकते. पाण्याचं तर विचारूच नका, बेटावर झरा नाही. पावसाचं पाणी खडकावरून वळवत आणून दगडी टाक्यांत साठवायचं. गडावर फिरणाऱ्यांना टाकी नवीन नाहीत, गड चालतो तो टाक्यावर, तसा हा मठही टाक्यावर चालला.

म्हणून माझं म्हणणं असं की कुट्या हा वारशाचा चेहरा झाला, पण खरा जीव या खालच्या भिंतींत आहे. आयर्लंडमध्ये मुख्य भूमीवर, डिंगल भागात वगैरे, अशा कुट्या इतर ठिकाणीही आहेत, गॅलरसचं प्रार्थनाघर तर इथल्यापेक्षा सुबक आहे. पण तिथे एक तुकडा मिळतो. स्केलिगवर उतरायच्या घळीपासून पायऱ्या, बांध, मळा, टाकी, राहायच्या खोल्या, प्रार्थनेची जागा, पुरायची जागा असा अख्खा संसार (संन्याशांचा संसार!) एकत्र, जागच्या जागी. युनेस्कोच्या भाषेत याला अखंडता म्हणतात. इतर मठांची भरभराट झाली, त्यांनी जुनं पाडून नवं बांधलं, मग आणखी मोठं बांधलं. स्केलिगला भरभराट परवडलीच नाही.

अजून टोकाचं बघायचं असेल तर समोरच्या उंच शिखराकडे बघा. तिथे जायला पर्यटकांना परवानगी नाही आणि ते बरंच आहे. एका उभ्या चिरेतून, जिला सुईचं नेढं म्हणतात, हातापायाने वर चढत जावं लागतं आणि मग शिखराच्या जरा खाली कड्याला चिकटलेल्या तीन छोट्या गच्च्या, त्यातल्या एकीवर प्रार्थनाघर, एकीवर बहुधा मळा. एका माणसाची जागा. बहुतेक नवव्या शतकातली. म्हणजे बारा जणांची गर्दी झाली म्हणून कुणीतरी तिथे गेला! १९८० च्या दशकात अभ्यासकांनी तिचं नीट मोजमाप करेपर्यंत ही काय चीज आहे हे जगाला धड माहीत नव्हतं.

बाराव्या-तेराव्या शतकाकडे हवामान बिघडत गेलं, वादळं वाढली, शिवाय आयरिश चर्चची घडी बदलली, आणि साधूंनी मुक्काम किनाऱ्यावर बॅलिनस्केलिग्जला हलवला. मायकल हे नावही दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास चिकटलेलं, उंच टोकांचा रखवालदार असा हा देवदूत, फ्रान्समधला माँ-सँ-मिशेलचा मठ त्याच्याच नावाचा. साधू गेले तरी यात्रेकरू येत राहिले. आणि एक मजेशीर प्रथा मागे राहिली. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात लग्नं होत नसत, आपल्याकडे चातुर्मासात नसतात तसं. पण स्केलिगवर म्हणे जुनं पंचांग चालतं, तिथे उपास उशिरा सुरू होतो, म्हणून ज्यांचं मुहूर्तात जमलं नाही त्यांनी स्केलिगला जाऊन उरकावं, अशी समजूत. मग केरी-कॉर्ककडची टवाळ मंडळी गावातल्या बिनलग्नाच्या लोकांच्या जोड्या लावून, यंदा स्केलिगच्या बोटीत कोण कोण अशी पद्यं रचून वाटायची. ज्यांची नावं यायची त्यांना काय वाटत असेल ते वाटो.

पुढे १८२० च्या दशकात बेटावर दोन दीपगृहं आली, त्यांचे रखवालदार बायकापोरांसह राहायचे. त्या पडक्या चर्चमध्ये रखवालदाराच्या दोन लहान मुलांचं थडगं आहे, १८६८ आणि १८६९ सालातलं. १८८० मध्ये मठाची वास्तू सरकारच्या ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्सकडे देखभालीला आली. १९१० मध्ये नाटककार बर्नार्ड शॉ वल्हवायच्या होडीतून जाऊन आले आणि पत्रात लिहिलं ते साधारण असं की ही जागा आपल्या जगातली नाहीच, स्वप्नातली आहे.

आता भांडणाकडे येऊ, कारण वारसा म्हटलं की भांडण आलंच. १९७० च्या दशकाच्या शेवटाला आधारभिंत एका ठिकाणी ढासळली आणि दुरुस्तीचं काम सुरू झालं, ते पुढे कितीतरी उन्हाळे चाललं. १९८६ पासून २०१० पर्यंत सोबत उत्खननही. इथे पेच असा आहे. रचीव भिंत पुन्हा रचायची तर आधी उतरवावी लागते. उतरवली की मूळ माणसाने दगड कसा बसवला होता तो पुरावा गेला. नाही उतरवली तर पुढच्या हिवाळ्यात ती आपणहून उतरते, आणि वरची १२०० वर्षांची कुटी घेऊन उतरते. मधला मार्ग म्हणजे आधी खणून, मोजून, नोंदी करून मग रचणं. पण दक्षिण शिखरावरच्या त्या एकट्याच्या गच्चीवर जेव्हा भिंती पुन्हा उभ्या केल्या तेव्हा काही पुरातत्त्ववाले चिडले, म्हणाले तुम्ही जतन करत नाही, नवीन बांधताय. तक्रार युनेस्कोपर्यंत गेली, २००७ मध्ये पाहणी करायला माणसं आली, आणि त्यांनी निष्कर्ष दिला की अवशेषांचं रूप बदललंय हे खरं, पण काम समर्थनीय आहे, फक्त उत्खननाचे अहवाल लवकर छापा. ते २०११ मध्ये छापले.

मला विचाराल तर मी दुरुस्तीवाल्यांच्या बाजूने आहे. आमच्या घरामागचा गडगा माझ्या आजोबांनी घातलेला, दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी सुटतो, मग तेच दगड उचलून पुन्हा लावायचे, तरी तो आजोबांचाच गडगा. साधू असतानाही दर हिवाळ्यानंतर तेच चालत असणार, खणताना एका भिंतीच्या मागे आधीची भिंत सापडते ती यामुळेच. फक्त एक खटकलं, पायऱ्या चढून आलेल्या माणसाला समोरच्या भिंतीतलं नववं शतक कुठलं आणि विसावं कुठलं ते कळायला मार्ग नाही. गाइडला विचारलं की सांगतो, पण विचारावं लागतं हे सुचलं पाहिजे ना.

आणि मग आपण, म्हणजे बघायला येणारे. २०१४ आणि २०१५ मध्ये इथे स्टार वॉर्सचं शूटिंग झालं, पफिन-वाल्यांनी आणि पुरातत्त्ववाल्यांनी आरडाओरडा केला, पिक्चर आला आणि बुकिंग मिळेनासं झालं. दिवसाला १८० माणसांची मर्यादा आहे, १५ बोटी, एका बोटीत १२. ऐकायला कमी वाटतं पण ६१८ पायऱ्या नुसत्या मांडून ठेवलेल्या शिळांच्या आहेत, ३६० बूट रोज वर आणि तेवढेच खाली, पावसाळी मातीत. माझे दोन बूट त्यात आहेत हे मान्य. जी जागा लोकांना पोचता येत नव्हतं म्हणून टिकली, ती आता पोचता येतं म्हणून झिजतेय, आणि यावर मी काही उपाय सांगू शकत नाही कारण मला परत जायचंय.

यादीत बेट सांस्कृतिक वारसा म्हणून आहे, पक्ष्यांचं संरक्षण वेगळ्या कायद्यांखाली. कागदावर दोन खाती, पण प्रत्यक्षात ती भिंतीत एकत्र आलीत. स्टॉर्म पेट्रेल नावाचा चिमणीहून किंचित मोठा समुद्रपक्षी आहे, काळपट, वर्षातला बहुतेक काळ उघड्या समुद्रावर काढणारा. तो घरटं करायला बिळं, कपारी शोधतो, आणि बिनचुन्याच्या भिंतीपेक्षा जास्त कपारी कुठे मिळणार. मठाच्या भिंतींत, कुट्यांच्या सांध्यांमध्ये त्यांची घरटी असतात. म्हणजे दुरुस्तीवाल्याला दगड हलवायच्या आधी आत कुणी अंड्यावर बसलंय का याचीही काळजी घ्यावी लागते. हे पक्षी किनाऱ्यावर फक्त अंधार पडल्यावर येतात, आम्हाला तर दोन-अडीच तासांत परत फिरायचं असतं, त्यामुळे पर्यटकाला ते दिसत नाहीत. गाइड मात्र सीझनभर पाळीपाळीने बेटावरच मुक्काम करतात. आमची गाइड म्हणाली रात्री भिंत घुरघुरते, मांजर झोपेत घुरघुरतं तशी.

मी मोठ्या कुटीच्या मागच्या बाजूला, कुणी बघत नाही असं बघून, भिंतीला कान लावला. वाऱ्याशिवाय काही आलं नाही. दुसऱ्या जागी लावून बघणार तेवढ्यात बोटींची वेळ झाली म्हणून तिने हाक मारली.